आमेन म्हणता येईल असे गाणे

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही पुढची काही वर्षे दूर राहिल्या. अभंग मात्र टिळकांनी सोडला नाही. कानावर लहानपणापासून पडलेली ओवी, कीर्तनाचा ढंग, टाळ-मृदंगाचा ठेका हे सारे बरोबर घेऊन ते ख्रिस्ताकडे गेले. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते उघडपणे सांगत. ज्या अभंगाने शतकानुशतके पंढरीच्या विठ्ठलाला साद घातली, त्याच अभंगातून येशूची उपासना करणे ख्रिस्ती श्रद्धेला शोभते का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून उभा राहतो आणि तो अजून मिटलेला नाही. आज त्याची रूपे वाढली आहेत. रविवारच्या उपासनेत पेटी-तबला असावा की गिटार आणि ड्रम, इंग्रजी चालीवरची जुनी गीते ठेवावीत की नव्या हिंदी गीतांना जागा द्यावी, शिमग्यात नमन-खेळे ऐकायला उभे राहावे की नाही, असे वाद मंडळ्यांतून आणि घराघरांतून चालू असतात. त्यांत दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणते, अन्य दैवतांच्या सेवेत वाढलेले संगीत ख्रिस्ती माणसाला वर्ज्य. दुसरे म्हणते, सुरांना धर्म नसतो, तेव्हा काहीही चालेल. वरवर ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध असली, तरी दोन्हींचे लक्ष फक्त संगीतावर आहे. ते कोण गाणार, कोणाबरोबर गाणार आणि गाऊन त्यांचे काय होणार, हे दोन्हीही विचारत नाहीत. ख्रिस्ती उपासनेच्या अगदी आरंभीच्या काळात हा प्रश्न विचारला गेला होता, आणि निवडीची कसोटी तिथेच सापडते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल एका गोंगाटी मंडळीला आवरतो आहे. तिथले काही जण अन्य भाषांत, आत्म्याच्या भरात प्रार्थना करीत आणि गात. त्यांची भक्ती खोटी होती, असे पौल म्हणत नाही. तो दाखला देतो तो वाद्यांचाच. पावा किंवा वीणा यांतून वेगवेगळे सूर निघाले नाहीत तर काय वाजते आहे ते कोणाला कळणार, आणि रणशिंगाचा नाद अस्पष्ट असेल तर लढाईला कोण उठणार? मग तो त्या सभेत बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवतो. तो शिकलेला नाही, मंडळीत नवखा आहे, तिच्या रीतिभाती त्याला ठाऊक नाहीत. तुमचे आभारप्रदर्शन सुंदर असेल, पण त्याला ते समजलेच नाही तर त्यावर त्याने आमेन कसे म्हणावे, असा पौलाचा सवाल आहे. आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, हा त्याचा निश्चय याच ओघात येतो. माझ्या मते संगीताच्या निवडीबद्दल नव्या करारातले सर्वांत उपयोगी मार्गदर्शन हेच आहे. गाणे कुठून आले, कोणत्या रागात आहे, कोणत्या वाद्यावर वाजते, हे प्रश्न दुय्यम ठरतात. मागच्या बाकावर बसलेला सर्वांत दुबळा माणूस समजून, सामील होऊन, मनापासून त्यावर आमेन म्हणू शकतो का, हा पहिला प्रश्न. दुबळा म्हणजे कधी अशिक्षित, कधी नवखा, कधी वयाने थकलेला, तर कधी जुन्या जखमा घेऊन आलेला. पौलाने गायकाच्या आनंदाला नाकारलेले नाही, पण त्याची किंमत या माणसाच्या आमेनवर ठरवली आहे.

उगमावरून निवाडा करणारी पद्धत का टिकत नाही, हे चर्चचा स्वतःचा इतिहासच दाखवतो. स्तोत्रसंहितेचे शेवटचे स्तोत्र रणशिंग, वीणा, डफ, पावा, झांजा या सगळ्यांनी देवाची स्तुती करायला सांगते. तरी पहिल्या काही शतकांतल्या अनेक धर्मपित्यांनी उपासनेत वाद्ये नकोत असे ठामपणे म्हटले, कारण त्यांच्या आजूबाजूला ती वाद्ये मूर्तिपूजकांच्या यज्ञांत, नाट्यगृहांत आणि मेजवान्यांत वाजत होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही बहुतेक ठिकाणी मानवी कंठाशिवाय दुसरे वाद्य नाही. आज ज्याचा आवाज ऐकताच चर्च डोळ्यांपुढे उभे राहते, तो ऑर्गन रोमन साम्राज्यात रिंगणातल्या झुंजींच्या वेळी वाजवला जाई. पश्चिम युरोपात तो आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिनला पाठवलेली राजभेट म्हणून आला, आणि चर्चमध्ये रुळायला त्याला आणखी काही शतके लागली. आपल्या कोकणाशी जोडलेले उदाहरण तर आणखी बोलके आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ साली बाणकोटला उतरले, पुढे हर्णेला राहिले. ज्या चर्चमध्ये ते वाढले होते तिथे वाद्याला मज्जाव होता. स्तोत्रे नुसत्या गळ्याने म्हणायची, ही तिथली शिस्त. १८६० च्या दशकात एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली या पाळकांनी हार्मोनियम आणली, तेव्हा त्यावरून मोठा वाद पेटला. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात आकाराला आलेले ते वाद्य भारतात आले, जमिनीवर बसून वाजवण्याजोगे झाले आणि पेटी या नावाने कोकणातल्या भजनी मंडळांचा कणा बनले. त्याच पेटीवर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली. तिचे बांधीव स्वर आपल्या गायकीला मानवत नाहीत, असा आक्षेप होता, आणि ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. एकाच वाद्याला स्कॉटलंडमध्ये उपासनेसाठी अपवित्र आणि भारतात रागासाठी परके ठरवले गेले. आज रत्नागिरीतल्या एखाद्या चर्चमध्ये पेटी वाजली तर ती देशी की विदेशी, ख्रिस्ती की हिंदू, हे सांगताच येणार नाही. वाद्याचे गोत्र शोधायला निघालेला माणूस शेवटी रिकाम्या हाताने परत येतो.

तरीही उगमाचा आक्षेप मूर्खपणाचा नाही. त्याच्या पोटात एक खरी चिंता आहे आणि पौलानेच तिला जागा दिली आहे. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न आहे. मूर्ती काहीच नव्हे, म्हणून मांसही निव्वळ मांस, हे ज्ञान पौलाला मान्य आहे. पण कालपर्यंत त्या मूर्तीपुढे बसणाऱ्या भावाला ते मांस अजून तसे वाटत नाही, आणि त्याचा विवेक दुखावून खाणे हे प्रीतीला धरून नाही, असे तो बजावतो. हीच गोष्ट संगीताला लागू पडते. नुकताच ख्रिस्ताकडे वळलेला माणूस मृदंगाचा ठेका ऐकून पुन्हा जुन्या दैवताच्या पायरीवर जाऊन उभा राहत असेल, तर त्या मंडळीने काही काळ तो ठेका बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरेल. मात्र इथे मुद्दा उगमाचा राहिलेला नाही, तो आठवणीचा झाला आहे. रोमन रिंगणाची आठवण ऑर्गनच्या श्रोत्यांच्या मनातून कधीच पुसली गेली, म्हणून ऑर्गन आज निर्दोष आहे. याउलट गेल्या महिन्यात गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर येशूचे शब्द बसवले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पडद्यावरची नायिकाच येणार, मग ती चाल रचणारा ख्रिस्ती असो वा नसो. फिल्मी चालीवरच्या भजनांचा हा वाद कोकणातल्या भजनी मंडळांनाही नवा नाही. आठवणी जिवंत असतात आणि मरतातही, त्या प्रत्येक गावात आणि पिढीत वेगळ्या असतात, म्हणून अशा बाबतीत कायमचे नियम करता येत नाहीत. पौलानेही मांसावर सर्वकाळची बंदी घातली नाही. त्याने माणसाकडे पाहायला सांगितले.

दुबळ्याच्या विवेकाची काळजी आणि सत्तेने केलेली बंदी यांत गल्लत झाली की काय होते, हे आपल्या शेजारच्या गोव्यात दिसले. इंग्लंडमधून आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांना सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांची अडचण कळली होती. पूर्वी जी पुराणे ते ऐकत, त्यांची जागा रिकामी पडली होती. म्हणून स्टीफन्स यांनी अस्सल मराठीत, ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापून निघाले आणि लोक ते चालीवर गाऊ-वाचू लागले. मराठी भाषेची थोरवी त्या परदेशी माणसाने ज्या प्रेमाने गायिली, ती आजही शाळेतल्या पुस्तकांतून मुलांना ठाऊक असते. एकशे वीस वर्षांनी, १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती घरांतल्या लग्नकार्यातल्या कित्येक देशी रीतींवर, त्यांत ओव्यांवर आणि देशी वाद्यांवर, बंदी घातली. दोन्ही कृतींचा उद्देश एकच सांगितला जाई, लोकांची श्रद्धा शुद्ध राहावी हा. फरक पद्धतीत होता. स्टीफन्स यांनी ऐकणाऱ्याच्या आमेनचा विचार केला, इन्क्विझिशनने आज्ञेचा. बंदीने संगीत संपले नाही. घुमट हे तालवाद्य गोव्याच्या देवळांत आरतीला वाजत राहिले आणि ख्रिस्ती घरांत मांडो या कोकणी गीतप्रकारालाही साथ देत राहिले. गोव्याच्या पॅरिश शाळांत व्हायोलिन शिकलेली मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद घडवला. म्हणजे ज्याला आपण चर्चबाहेरचे फिल्मी संगीत म्हणून नाक मुरडतो, त्याचा एक पाय चर्चच्याच शाळेत रोवलेला आहे. सुरांच्या या देवाणघेवाणीला कुंपण घालणे आजवर कोणत्याही फर्मानाला जमलेले नाही.

आता टिळकांच्या अभंगाकडे परत येऊ. त्याचे समर्थन बरेचदा देशीपणाच्या अभिमानाने केले जाते. मला ते अपुरे वाटते. खरे कारण मराठी भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजी स्तोत्रगीताची चाल आघातावर उभी असते. ओळ सहसा हलक्या अवयवाने सुरू होते, पुढचा अवयव ठोसपणे येतो आणि ओळ जोरकस अवयवावर संपते. मराठीत असा ठळक आघात नाही. तिथे वजन ह्रस्व-दीर्घाचे. मराठी गीत इंग्रजी चालीत बसवायला गेले की ठोका कुठेही पडतो. जिथे सूर उंचावून लांबवायचा, तिथे नेमका विभक्तीचा प्रत्यय येतो. मुख्य शब्द घाईत उरकला जातो आणि प्रत्यय दिमाखात मिरवतो. गाणाऱ्याला शब्द पाठ असतात, पण अर्थ कानात उतरायला उशीर लागतो. अभंगाचे तसे नाही. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, मधले यमक, आणि बोलण्याच्या ओघाने लांबणारी-आखडणारी चाल, यामुळे अर्थ आणि सूर एकाच वेळी पोहोचतात. शिवाय भजनात म्होरक्या ओळ सांगतो आणि मंडळी ती उचलते. पुस्तक लागत नाही, वाचता येण्याची अट नाही. टिळकांच्या आधीच्या पिढीत अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. खेड्यापाड्यांतल्या, अक्षरओळख नसलेल्या लोकांपर्यंत येशूचे चरित्र नेण्याचे ते साधन होते. पौलाच्या त्या अशिक्षित माणसाला आमेन म्हणता यावे, याची ही व्यवस्था झाली. तरी यावरून इंग्रजी चालींना हद्दपार करावे, असा निष्कर्ष निघत नाही. उपासना संगीत या पुस्तकात टिळकांची पदे आणि पाश्चात्त्य चालींवरची गीते शेजारी शेजारी आहेत. चार पिढ्या लग्नात, अंत्यविधीत, नाताळात म्हटलेली परकी चालही घरची होऊन जाते. ज्या आजीला तीच चाल पाठ आहे, तिचे आमेन स्वदेशीच्या नावाखाली हिरावून घेणे हाही एक अन्यायच.

इथे श्रद्धेच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येतो. चाल आणि वाद्य सोडून द्या, अभंगाबरोबर अभंगाची विचारसृष्टीही येते. गुरू, माउली, चरण, नाम, विरह या शब्दांत ख्रिस्त बसवला, तर सुवार्तेतला ख्रिस्त उरतो का, की तो आणखी एक इष्टदैवत होऊन बसतो? ही भीती निराधार नाही. भक्तीच्या भाषेत ओढ आहे, लीनता आहे, मायेची ऊब आहे. पण इतिहासात एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट राज्यकर्त्याच्या हुकमाने वधस्तंभावर खिळला गेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला प्रभू त्या भाषेतून आपोआप येत नाही, तो कवीला आणावा लागतो. टिळकांना याची जाणीव होती असे त्यांच्या कामावरून दिसते. एकेका पदावर न थांबता येशूचे सगळे चरित्र ओवीत सांगणारे ख्रिस्तायन त्यांनी हाती घेतले. ते अपुरे राहिले. १९१९ साली त्यांचे निधन झाल्यावर लक्ष्मीबाईंनी बाकीचे अध्याय रचून ते तडीस नेले. भावगीताला कथेची जोड दिली की भाव भरकटत नाही, हे या दोघांच्या कामातून शिकण्यासारखे आहे. आणि हा दोष केवळ भारतीय रूपाचा नाही. मी, माझे, मला एवढ्याच शब्दांभोवती घुटमळणारी इंग्रजी आणि हिंदी उपासनागीते आज ढिगाने आहेत. त्यांतला ख्रिस्त तितकाच निराकार आणि तितकाच सोयीचा असतो. शब्दांची परीक्षा शास्त्राने करावी आणि ती गिटारवरच्या गाण्याचीही तितक्याच कठोरपणे करावी, एवढे पथ्य पाळले तर हा आक्षेप अभंगाला अडवत नाही, उलट सगळ्याच गाण्यांना शिस्त लावतो.

याहून अवघड आक्षेप जातीचा आहे, आणि अभंगाची वाहवा करणाऱ्या लेखकांनी तो फारसा ऐकून घेतलेला नाही. नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापैकी कोणी विचारले, की भारतीय म्हणून चर्चमध्ये जे आणता आहात ते कोणाचे भारतीय, तर उत्तर काय द्यायचे? टिळक चित्पावन ब्राह्मण घरातून आले होते, कीर्तन आणि राग हा त्यांचा वारसा होता. हलगी, सनई वाजवणे हा मात्र गावगाड्यात मांगांवर लादलेला जातीचा धंदा होता, त्यात मान नव्हता. अभंग सर्वांचा होता हे खरे. तुकाराम ब्राह्मण नव्हते, चोखामेळा तर महार. पण चोखोबांचे अभंगच सांगतात की त्यांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. तेव्हा अभंगाचा ठेका ऐकून एखाद्याला माहेर आठवते, तर दुसऱ्याला देवळाची बंद पायरी आठवते. अशा माणसाला इंग्रजी चाल परकी असूनही मोकळी वाटली असेल, कारण तिला जात नव्हती. तामिळनाडूत थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनी हाच प्रश्न कर्नाटक संगीताबद्दल उपस्थित केला आणि दलितांच्या लोकसंगीतातून ख्रिस्ती गीते रचली. याचा अर्थ अभंग टाकून हलगी घ्यावी असा सरसकट नियम नव्हे, कारण ज्या हलगीने अपमानाची आठवण होते, ती नको म्हणण्याचा हक्कही त्याच लोकांचा आहे. आमेनची कसोटी इथे सर्वांत कामाला येते, कारण ती निवड करणाऱ्यालाच प्रश्न विचारते. गीते निवडणाऱ्यांत कोण बसले आहे? ज्यांच्यासाठी निवडली जातात, त्यांना कोणी विचारले का? संस्कृतीच्या नावाने एका घरातला वारसा सर्वांवर लादणे आणि शुद्धतेच्या नावाने तो सर्वांकडून हिसकावणे, या दोन्हींत वरून हुकूम सोडण्याचीच वृत्ती आहे.

नव्या पिढीच्या संगीताबद्दलचा वादही याच कसोटीने सुटेल. ड्रम, कीबोर्ड, गिटार यांना चर्चमध्ये बंदी घालण्याचे प्रयत्न वाद्याच्या नावावर होतात. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली उपासनेत पियानो आणि ढोल, झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना मनाई केली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना योग्यतेनुसार वाट मोकळी केली आणि मिशनच्या देशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उचित स्थान द्यावे, असे सांगितले. वाद्यांच्या याद्या अशा बदलत राहतात. माझा प्रश्न याद्यांच्या पलीकडचा आहे. मंचावरच्या पाच जणांचा आवाज ध्वनिक्षेपकातून इतका मोठा येतो की समोरच्या पन्नास जणांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तेव्हा उपासना संपून कार्यक्रम सुरू झालेला असतो. हा दोष ड्रमचा नाही. पूर्वी तालीम केलेल्या क्वायरनेही चार आवाजांतली अवघड रचना गाऊन मंडळीला नुसते श्रोते बनवले होतेच, आणि तानांवर ताना घेणारा भजनीबुवाही तेच करतो. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे, की मिलानच्या चर्चमधल्या गाण्याने त्याला रडवले होते, तरी गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले की त्याला ते पाप वाटे. गाणे बंद करावे, इथवर मात्र तो गेला नाही. सुरांचा मोह ओळखून त्यांना शब्दांच्या आणि मंडळीच्या ताब्यात ठेवायचे, हा त्याचा मध्यममार्ग आजच्या बँडलाही लागू आहे.

चर्चच्या दाराबाहेरचे संगीत हा वेगळा विषय आहे आणि त्याला उपासनेचे नियम जसेच्या तसे लावू नयेत. रत्नागिरीत ख्रिस्ती लोक थोडे. गणपतीत आरत्या, शिमग्यात ढोल, नमनातली गाणी हे गावाच्या हवेतच असते. त्यापासून कान बंद ठेवणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. बाजारात विकले जाणारे मांस कुठून आले याची विचारपूस न करता खा, असे पौल दहाव्या अध्यायात सांगतो. कोणी मुद्दाम हे वाहिलेले आहे असे सांगून ते पुढे केले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी मात्र खाऊ नका. संगीताच्या बाबतीत हा भेद स्पष्ट आहे. शेजारच्या मुलाचे नमनातले काम पाहणे, चांगल्या भजनाला दाद देणे, रागसंगीत शिकणे, जुनी चित्रपटगीते ऐकणे, हे बाजारातले मांस. आरतीत पुढे उभे राहून दैवताची स्तुती स्वतःच्या तोंडाने गाणे ही कबुली आहे, आणि खोटी कबुली ना त्या दैवताच्या भक्ताला आवडेल ना ख्रिस्ताला. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा खरा मान राखणारा माणूस तिचे नाटक करीत नाही. घरात काय ऐकावे याचाही निर्णय याच धर्तीवर करता येतो. ज्या गाण्याने मन क्रूर, लंपट किंवा गर्विष्ठ होते, ते ख्रिस्ती नाव लावून आले तरी टाकावे. ज्याने मन शांत, उदार किंवा जागे होते, ते चर्चबाहेरचे म्हणून भिऊ नये.

मग या कसोटीत नकार कशाला आहे, असा शेवटचा सवाल येतो. ज्याला कोणीतरी आमेन म्हणेल ते सगळेच चालले, तर कसोटी कसली? पण आमेन म्हणजे टाळ्या नव्हेत. जे कळले ते खरे मानून त्याला स्वतःला बांधून घेणे, एवढे ओझे त्यात आहे. येशूवर विश्वास ठेवला की पैसा, परदेश आणि आरोग्य नक्की मिळेल असे सांगणारे गाणे कितीही गोड असले, तरी मुलगा दगावलेली आई त्यावर आमेन म्हणू शकत नाही. म्हणून ते बाद. शत्रूच्या नाशात रमणारे आणि क्षमेचा उल्लेखही न करणारे गाणे, ज्याला नुकतीच कोणी क्षमा केली आहे तो म्हणू शकत नाही. तेही बाद. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथात देव इस्राएलच्या गाण्यांचा गलबला आणि वीणांचा नाद ऐकायला नकार देतो. त्या सुरांत काही खोट नव्हती. गाणारे लोक वेशीवर गरिबाचा न्याय विकत होते, आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हीच त्याची मागणी होती. म्हणजे उपासनेतले आमेन खरे की खोटे, हे सोमवारी मजुराला मजुरी देताना आणि दुसऱ्या जातीच्या घरात सोयरीक जुळवताना ठरते. अभंग असो, इंग्रजी गीत असो वा गिटार, या परीक्षेतून कोणालाच सूट नाही.

म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी संगीताचे वाद परंपरा विरुद्ध नवेपणा, किंवा देशी विरुद्ध विदेशी, अशा दोन तटांत मांडणे सोडून द्यावे. त्या तटांवर दोन्हीकडे तेच लोक लढतात ज्यांना आधीच गाता येते. गीते निवडणाऱ्यांनी दर काही महिन्यांनी मंडळीकडे पाहून एकच विचारावे, आपल्यात कोण गात नाही? तोंड मिटून बसलेला माणूस कधी म्हातारा असेल, ज्याची जुनी गीते काढून टाकली गेली. कधी तरुण मुलगी असेल, जिला त्या गीतांची भाषाच उमगत नाही. कधी बाहेरगावाहून मजुरीला आलेला हिंदीभाषक असेल, कधी नुकताच आलेला नवखा, तर कधी ज्याला एखादा ठेका जुना अपमान आठवून देतो असा. त्याच्यासाठी एक तरी गीत असे शोधावे, जे त्याला कळेल आणि झेपेल. टिळकांनी आपल्या काळापुरते हेच केले, म्हणून त्यांचा अभंग टिकला. त्यांचा अभंग जपून ठेवणे आणि त्यांनी विचारलेला प्रश्न विचारायचे थांबवणे, याने त्यांचा वारसा चालणार नाही. गप्प बसलेला माणूस प्रत्येक पिढीत बदलतो, तेव्हा गीतांची निवडही प्रत्येक पिढीला नव्यानेच करावी लागेल.